अंबरनाथचे नसलेले शिखर

कल्याणहून कर्जतच्या गाडीने तिसरे स्टेशन अंबरनाथ. तेथील शिवालयातील मूर्तींविषयी पुष्कळ लिहिले गेले असले, तरी जे तेथे नाही त्याकडे रसिकांचे लक्ष क्वचितच जाते. वालधुनीच्या काठच्या या काळ्या पाषाणातील मंदिराच्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हा काळ आणि शिलाहार राजा माम्वाणी याचे नाव आहे.

सुमारे वीस पायऱ्या उतरून गर्भगृहात गेले, की ओलसर गारवा अंगाला बिलगतो, आणि सवयीने मान वर करावी तर छताऐवजी आकाशाचा तुकडा दिसतो. कारण वरचे शिखर शाबूत नाही. बाहेर येऊन, भूमिज शैलीतील उरलेल्या भागावरच्या उभ्या पट्ट्या आणि त्यांच्यामधील चिमुकल्या शिखरांच्या चढत्या रांगा यांचा माग घेत नजर वर नेली, म्हणजे ते हरवलेले शिखर प्रत्येक प्रेक्षक स्वतःच्या मगदुराप्रमाणे मनात पुरे करतो. (माझे दरवेळी थोडे उंचच होते!)

झिजलेल्या चेहऱ्यांचेही तेच. पावसाने नाकडोळे पुसून टाकलेली एखादी सुरसुंदरी केवळ कमरेच्या बाकावरून ओळखू येते, आणि अखंड मूर्तीपेक्षा तिच्यापाशीच मी अधिक रेंगाळतो. जायचेच तर सकाळी जा. तिरप्या उन्हात छिन्नीचे घाव स्पष्ट दिसतात.