विश्लेषण : एका डावात वरण किती?

समुद्रपूर तालुक्यात लग्नाची पंगत बसली की वाढप्याच्या एका हातात बादली असते, दुसऱ्यात डाव. एका ओळीला घट्ट वरण मिळते, दुसऱ्या ओळीच्या पानात पिवळे पाणी फिरते. बोल लागतो तो आचाऱ्याला. खरे तर बऱ्याचदा चूक डावाची असते. शिजलेली डाळ तळाशी बसते. डाव वरवर फिरला तर आधीच्यांना पाणी, तळातून उपसला तर शेवटच्यांना.

डाव आला कुठून?

खोलगट वाटी आणि लांब दांडा असलेल्या या वस्तूचे संस्कृत नाव ‘दर्वी’. महाभारतात भीम बल्लव नावाने विराटाकडे आचारी म्हणून जातो, तेव्हा त्याच्या हातात दर्वी असते. सुश्रुतसंहितेत फणाधारी सापांना ‘दर्वीकर’ म्हटले आहे, कारण पसरलेला फणा पळीसारखा दिसतो. यज्ञात तूप वाहायच्या पळ्या लाकडाच्या असत : जुहू पळसाची, स्रुवा खैराचा. लग्नात मुलीला माहेरून जी पितळी अन्नपूर्णा मिळते, तिच्या हातातही पळीच असते.

घरात मात्र एकाने भागत नाही. फोडणीला लोखंडी पळी, तळणाला झारा, ताक-तुपाला उभ्या दांड्याचे ओगराळे. थालीपीठ उलटायला पुण्याकडे कालथा किंवा उलथने लागते. विदर्भात त्यालाच सराटा म्हणतात. पुण्याकडून आलेल्या सुनेला सासूने ‘सराटा आण’ म्हटले तर ती दचकणारच, कारण तिच्याकडे सराटा म्हणजे पायात रुतणारा काटा!

पळी हे मापही आहे. पिठले ‘पळीवाढे’ करा असे सांगितले की किती पातळ, हे वेगळे सांगावे लागत नाही.

शाळेत डावाचे काय काम?

हेच माप सर्वात महत्त्वाचे ठरते ते शाळेच्या पोषण आहारात. ही केंद्रीय योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली, तेव्हा अनेक राज्यांत मुलांना महिन्याला तीन किलो कोरडे धान्य घरी नेण्यासाठी दिले जाई. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्नच द्या, असा आदेश दिला. तिथून शाळेत चूल आली आणि डावही.

योजनेच्या निकषानुसार पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी; सहावी ते आठवीला १५०, ३० आणि ७५ ग्रॅम. ही वजने कच्च्या मालाची आहेत. ताटात पडते ते डावाने, आणि बाजारातला प्रत्येक डाव वेगळा.

एक हिशेब करून पाहू. पाचवीपर्यंतच्या शाळेत ६० मुले आहेत. डाळ लागेल १ किलो २०० ग्रॅम. तिचे नऊ लिटर वरण झाले, तर प्रत्येकाचा वाटा १५० मिली. डाव ७५ मिलीचा असेल तर दोन डावांत गणित जुळते. तो १०० मिलीचा निघाला आणि दोनच डाव वाढले, तर ४५ मुलांतच गंज रिकामा. उरलेल्या १५ जणांसाठी गंजात पाणी ओतले जाते. धान्याच्या नोंदवहीत डाळ पूर्ण असते, त्या १५ ताटांत नसते. तुरीच्या पट्ट्यातल्या मुलांच्या ताटात तरी असे होऊ नये.

मग करायचे काय?

यासाठी महागडे यंत्र लागत नाही. पाण्याची एक लिटरची बाटली घ्यावी आणि ती किती डावांत रिकामी होते ते मोजावे. दहा डाव भरले तर डाव १०० मिलीचा, तेरा-साडेतेरा भरले तर साधारण ७५ मिलीचा. नवा डाव आणला की मोजणी पुन्हा करावी. वाढताना प्रत्येक वेळी गंज तळापासून ढवळावा. त्यासाठी दांडा गंजाच्या उंचीपेक्षा लांब हवा. आखूड दांड्याच्या डावाने तळ गाठायचा तर हात भाजतो, म्हणून वाढणारी व्यक्ती वरवरचेच काढते.