कुरणांवरील नायट्रोजन-हानी
कुरणांवरील नायट्रोजन-हानी : चराऊ कुरणावर पडणाऱ्या गुरांच्या शेणमुतातील नायट्रोजन गवताच्या उपयोगी न पडता हवेत किंवा पाण्यात निघून जाणे. ही हानी शेतकऱ्याच्या दृष्टीने खताचा अपव्यय, तर समाजाच्या दृष्टीने भूजलाचे व वातावरणाचे प्रदूषण ठरते. निरनिराळ्या देशांतील हानीचे आकडे पुष्कळदा शेजारी शेजारी मांडले जातात. तथापि ते कोणत्या आधारावर काढले आहेत हे पाहिल्याशिवाय त्यांची तुलना करता येत नाही.

हानीचे मार्ग : गाय चाऱ्यातून घेते त्या नायट्रोजनापैकी बहुधा तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग मलमूत्रावाटे बाहेर पडतो. चारा हिरवा व प्रथिनयुक्त असल्यास त्यातील निम्म्याहून अधिक भाग मूत्रात, मुख्यतः यूरियाच्या रूपात, असतो. दुभत्या गाईचे मूत्र ज्या लहानशा जागेवर पडते, तेथील नायट्रोजनाचे प्रमाण हेक्टरी हिशेबाने १,००० किग्रॅ.पर्यंत जाऊ शकते. एवढा नायट्रोजन गवताला शोषून घेता येत नाही. यूरिएज या एंझाइमामुळे यूरियापासून काही दिवसांतच अमोनिया तयार होतो व त्याचा काही भाग हवेत उडून जातो. उरलेल्याचे सूक्ष्मजंतू नायट्रेटात रूपांतर करतात. नायट्रेट पाण्याबरोबर खोल झिरपते किंवा हवा न खेळणाऱ्या ओल्या जमिनीत विनायट्रीकरणाने वायुरूप होते. या क्रियांत नायट्रस ऑक्साइडही निर्माण होतो. शंभर वर्षांच्या कालावधीत त्याचा तापमानवाढीवरील परिणाम तेवढ्याच वजनाच्या कार्बन डाय-ऑक्साइडाच्या २७३ पट धरतात. शेणातील नायट्रोजन सेंद्रिय संयुगांत बद्ध असल्याने सावकाश मुक्त होतो.

देशोदेशींची परिस्थिती : न्यूझीलंडमध्ये गुरे बहुतांशी वर्षभर उघड्यावर चरतात, त्यामुळे तेथे नायट्रेट झिरपण्याचा प्रश्न मोठा आहे. कँटरबरीच्या खडकाळ, ओलिताखालील मैदानात दुग्धव्यवसाय वाढल्यावर भूजलातील नायट्रेटाची चिंता वाढली. नेदर्लंड्समध्ये गुरांचा बराच काळ गोठ्यात जातो. तेथे शेण व मूत्र एकत्र मिसळत असल्याने अमोनियाची हानी अधिक होते. कुरणावर मात्र मूत्र लगेच जमिनीत मुरत असल्याने ती त्या मानाने कमी असते. आयर्लंडमध्ये गुरे उन्हाळ्यात कुरणावर व हिवाळ्यात गोठ्यात असतात.

गुणकांतील फरक : मलमूत्रातील नायट्रोजनापैकी किती टक्के नायट्रस ऑक्साइडाच्या रूपाने निघून जातो, हे दर्शविणाऱ्या संख्येस उत्सर्जन गुणक म्हणतात. मोजमापांवरून मूत्र व शेण यांसाठी मिळालेले सरासरी गुणक ब्रिटनमध्ये अनुक्रमे सु. ०·६९ व ०·१९ टक्के, आयर्लंडमध्ये सु. १·१८ व ०·३१ टक्के आणि दक्षिण ब्राझीलमध्ये सु. ०·२६ व ०·१५ टक्के आहेत. जमिनीचा निचरा, पाऊस व तापमान यांनुसार हे आकडे बदलतात. ज्या देशांत अशी मोजमापे झालेली नाहीत, ते हवामान बदलविषयक आंतरशासकीय समितीने सुचविलेला सर्वसाधारण गुणक वापरतात. चरणाऱ्या गुरांसाठी हा गुणक २००६ मध्ये २ टक्के होता. २०१९ च्या सुधारणेत तो ०·४ टक्के (ओल्या हवामानात ०·६ व कोरड्या हवामानात ०·२ टक्के) करण्यात आला. म्हणजे कळपातील एकही जनावर कमी न होता कागदावरील हा आकडा एक-पंचमांशावर येऊ शकतो. एका देशाने जुना व दुसऱ्याने नवा गुणक वापरला असेल, तर त्यांच्यातील फरक गुरांचा नसून गणिताचा असतो.

भारतातील स्थिती : भारतात पुष्कळशी गुरे दिवसा गायरानात किंवा बांधावर चरतात व रात्री गोठ्यात असतात. गोळा केलेल्या शेणाचे खत करतात किंवा गोवऱ्या थापतात. गोवऱ्या जाळल्या म्हणजे त्यांतील बहुतेक नायट्रोजन धुराबरोबर निघून जातो. ही हानी कुरणाच्या खाती पडत नाही. परंतु जमिनीच्या दृष्टीने ती हानीच असते.

तुलनेचे निकष : हानी दर जनावरामागे, दर हेक्टरी, दर लिटर दुधामागे की उत्सर्जित नायट्रोजनाच्या टक्केवारीत दिली आहे, हे प्रथम पाहावे लागते. कमी दूध देणाऱ्या गाईची हानी दर जनावरामागे थोडी असूनही दर लिटरमागे जास्त भरू शकते. उलट, दाट गोठ्यांच्या प्रदेशात दर लिटरमागे हानी अल्प असली, तरी हेक्टरी हानी तेथील विहिरींना सोसवेनाशी होते. यूरोपीय संघाने १९९१ च्या नायट्रेटविषयक निर्देशात पशुखतातील नायट्रोजनाची मर्यादा वर्षाला हेक्टरी १७० किग्रॅ. अशी क्षेत्रावरच ठरविली, ती याच कारणाने.