आईसाठीं लॅपटॉप

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमचा एक माजी विद्यार्थी भेटावयास आला. वडील वारल्यापासून त्याच्या मातोश्री कांहीं महिने हदगांवीं शेत सांभाळून राहतात व कांहीं महिने पुण्यास लेकीकडे असतात. एकीकडे असतां दुसरीकडचीं तोंडें दिसावीं, सातबारा व बँकेचे कागद घरबसल्या पाहतां यावेत, म्हणून या मुलानें त्यांस हप्त्यांनीं एक लॅपटॉप घेऊन दिला होता. दुकानदारानें खेळांसाठीं बनविलेलें यंत्र त्याच्या गळ्यांत मारलें: वजन अडीच किलो, चार्जर विटेएवढा, बॅटरी दोन तासांत रिती. मातोश्रींनीं एकदां तें एस. टी.तून नेलें, खांदा धरला, आणि पुढें तें कपाटांत साड्यांखालीं पडून राहिलें. हप्ते मात्र चालूच! "यंत्र भारी आहे, सर," तो म्हणाला, "तेंच तर चुकलें."

हल्लीं पुष्कळ घरांत ही खरेदी मुलांच्या सल्ल्यानें होते. म्हणून हे चार शब्द आम्ही विद्यार्थी व पालक या दोघांकरितां लिहीत आहों.

स्वस्त लॅपटॉप कसा असावा याचा एक नमुना आपल्या महाराष्ट्रानें पूर्वींच पाहिला आहे. २००५ सालीं निकोलस निग्रोपाँटी यांनीं मुलांसाठीं शंभर डॉलरांचा लॅपटॉप करण्याचा संकल्प जाहीर केला, आणि २००७ सालीं रायगड जिल्ह्यांतील खैरात या लहानशा खेड्याच्या शाळेंत तो मुलांच्या हातीं आला. शंभर डॉलरांत तें जमलें नाहीं. किंमत दोनशेंच्या घरांत गेली. तथापि तो रचतांना प्रथम विचार झाला तो वापरणाराचा. भर उन्हांत अक्षर दिसावें, वीज थोडी लागावी, पडला तरी फुटूं नये, पोराला मुठींत धरून नेतां यावा. वेगाची गोष्ट त्यामागून.

आईवडिलांच्या बाबतींतही हाच क्रम ठेवावा. वजन दीड किलोच्या आंत असावें. पडदा १४ इंची, अक्षर रेखीव दाखविणारा, व आरशासारखा चकाकणारा नसावा. अक्षर मोठें करण्याची सोय प्रत्येक यंत्रांत असते. दुकानांतच तें मोठें करून त्यांस वाचावयास सांगावें. बॅटरीचें माप वॅट-तासांत लिहिलेलें असतें. यंत्र सरासरी ७ वॅट वीज घेत असेल, तर ४२ वॅट-तासांची बॅटरी सहा तास पुरेल. जाहिरातींतल्या "दिवसभर" या शब्दापेक्षां हा भागाकार खरा. रेल्वेच्या डब्यांत ११० व्होल्टची वीज असते; चार्जरवर १०० ते २४० असा आंकडा असल्यास तेथें अडचण नाहीं. परंतु आगीच्या भयास्तव रात्रीं ११ ते पहाटे ५ हे सॉकेट बंद ठेवण्याचें रेल्वेनें २०२१ सालीं ठरविलें, म्हणून नांदेडहून रात्रीं निघणारानें घरूनच बॅटरी भरून घ्यावी. टाइप-सी चार्जरचें यंत्र मिळाल्यास फोनही त्यावरच चालतो.

आंतील स्मृति ८ जीबी व साठवण २५६ जीबीची एसएसडी असली म्हणजे पुरे. २०२३ सालीं जिओबुक नांवाचा ९९० ग्रॅमचा लॅपटॉप १६,४९९ रुपयांस निघाला. वजन पाहतां मोह पडावा असाच. पण स्मृति ४ जीबी आणि साठवण ६४ जीबी. पत्रें व व्हिडिओवरील गांठीभेटी एवढ्यास तो चालेल, वर्षानुवर्षांचे फोटो ठेवणारास अपुरा पडेल.

पैसा थोडा असेल तर दुरुस्त करून विकलेला जुना लॅपटॉप घेण्यांत कमीपणा नाहीं. मात्र येथेंच फसगत फार. विंडोज १० च्या सुरक्षेच्या नेहमींच्या दुरुस्त्या मायक्रोसॉफ्टनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविल्या, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणतः आठव्या पिढीचा किंवा पुढचा असल्याखेरीज विंडोज ११ त्यावर रीतसर बसत नाहीं. पिढी ओळखणें सोपें आहे. आय-५ या नांवापुढील आंकडा ६२०० असेल तर सहावी, ८२५० असेल तर आठवी. सहाव्या पिढीचा लॅपटॉप स्वस्तांत मिळतो तो याचमुळें. त्यावर लिनक्स घालून काम होतें खरें, पण शिकविणारें कोणी घरांत हवें. ज्या यंत्रावर आई बँकेचें खातें उघडणार, तें असुरक्षित असूं देणें म्हणजे दाराची कडी मोडकी ठेवून गांवाला जाणें.

आणखी एक. मराठी लिहिण्याचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड, ज्यास १९९१ सालीं भारतीय मानक ब्यूरोची मान्यता मिळाली, तो विंडोज व लिनक्स या दोहोंत असतोच. विकत घ्यावा लागत नाहीं. डाव्या हाताला स्वर, उजव्याला व्यंजनें, अशी त्याची मांडणी. मुलांनीं तो सुरू करून द्यावा, व एक महिना तरी रोज पंधरा मिनिटें आईजवळ बसावें. हें काम दुकानदार करीत नाहीं.

आमच्या त्या विद्यार्थ्यानें तें जड यंत्र स्वतःच्या कामास घेतलें, आणि आईस बरोबर नेऊन आठव्या पिढीचा, सव्वा किलोचा, जुना लॅपटॉप निवडला. मातोश्रींनीं प्रथम तो पिशवींत घालून खांद्यास लावून पाहिला, मग किंमत विचारली. परवां पुण्याहून त्यांची चिठ्ठी आली: हदगांवास पाऊस झाला काय, आणि नातीला दोन दांत आले.