एआयने ‘संशयित’ म्हटलं, म्हणजे नक्की काय? ताईच्या एका प्रश्नाचं उत्तर



माझी ताई ग्रामीण रुग्णालयात नर्स आहे. मागे तिच्याकडे छातीचा एक्स-रे वाचणारं एआय सॉफ्टवेअर आलं. ट्रेनिंग अर्ध्या तासाचं, तेही कुठलं बटण कुठे आहे एवढंच. संध्याकाळी तिचा फोन आला, “अरे, ते टीबी संशयित दाखवतंय. पेशंटला काय सांगू?”

मी पडलो सॉफ्टवेअर इंजिनिअर. रुबाबात म्हणालो, “नव्वद टक्के अचूक असतं गं ते, ठेव विश्वास.”

“म्हणजे संशयित आलेल्या दहांपैकी नऊ जणांना टीबी असतोच?”

मी गप्प. उत्तर ‘नाही’ होतं, पण का नाही हे मला पटकन सांगता येईना. आज तेच बघूया.

९० टक्क्यांचा हिशोब

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ वर्षं आणि त्यापुढच्या लोकांच्या टीबी तपासणीसाठी अशा सॉफ्टवेअरची शिफारस केली. अशा प्राथमिक चाचणीकडून किमान अपेक्षा दोन: टीबी असलेल्या १०० पैकी ९० जण सापडावेत आणि टीबी नसलेल्या १०० पैकी ७० जणांना बरोबर ‘नाही’ म्हणावं.

आता समजा, १००० जणांचे एक्स-रे काढले आणि त्यात १० जणांना खरंच टीबी आहे. त्यातले ९ सापडतील. पण उरलेल्या ९९० पैकी ३० टक्के, म्हणजे २९७ निरोगी माणसंही ‘संशयित’ ठरतील. एकूण संशयित ३०६, खरे रुग्ण ९. म्हणजे ३४ जणांमागे एक!

मग सॉफ्टवेअर वाईट आहे का? अजिबात नाही. १००० ऐवजी ३०६ जणांचीच थुंकी तपासावी लागते. ती चाळणी आहे, निदान नाही. आणि चाळणीतून एक रुग्ण निसटलाय, हेही विसरू नका. म्हणून खोकला थांबत नसेल, तर एआयने ‘नॉर्मल’ म्हटलं तरी पुढची तपासणी हवीच.

आणखी एक गोष्ट. सॉफ्टवेअर आतमध्ये फक्त एक स्कोअर काढतं. कितीच्या वर ‘संशयित’ म्हणायचं, तो आकडा माणसंच ठरवतात. तो खाली आणला की रुग्ण कमी सुटतात, पण निरोगी लोक जास्त अडकतात.

थायलंडच्या नर्सना काय दिसलं?

मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याला होणारी इजा ओळखणारं गुगलचं एआय थायलंडमधल्या ११ दवाखान्यांत वापरून पाहिलं गेलं. २०२० मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळेत भारी असलेल्या या सिस्टिमने पहिल्या सहा महिन्यांतल्या १८३८ फोटोंपैकी २१ टक्के नाकारले. बऱ्याच ठिकाणी खोलीत पुरेसा अंधार करता येत नव्हता, कुठे इंटरनेट रखडायचं. फोटो नाकारला की पेशंटला दुसऱ्या दिवशी तज्ज्ञाकडे जा म्हणायचं. त्याची रजा, प्रवासखर्च कोण देणार? नर्स वैतागल्या. ही नव्या तंत्रज्ञानाची भीती नव्हती, तो कामाचा अनुभव होता.

अतिविश्वासही नको

दुसरी बाजू पोलंडमध्ये दिसली. तिथे कोलोनोस्कोपी करणाऱ्या डॉक्टरांच्या हाती एआय आलं. त्यानंतर एआयशिवाय केलेल्या तपासण्यांत, पुढे कॅन्सर होऊ शकेल अशा गाठी सापडण्याचं प्रमाण २८.४ वरून २२.४ टक्क्यांवर आलं. २०२५ मधला हा अभ्यास सवयीचा धोका सांगतो. जीपीएस लावून लावून आपणही रस्ते विसरतोच की!

मग काय शिकवायला हवं?

नर्स, टेक्निशियन, आशाताई यांना कोडिंग शिकायची गरज नाही. चार गोष्टी कळायला हव्यात: हे कुठल्या वयाच्या लोकांसाठी आहे, कटऑफ किती आहे, चुकतं तेव्हा कसं चुकतं, आणि आपलं मत वेगळं असेल तर ते कुठे नोंदवायचं. ही चौथी गोष्ट तर ट्रेनिंगमध्ये आधी यायला हवी.

आपल्यासाठीही हेच. चॅटबॉटला रिपोर्ट दाखवायचाच असेल, तर नाव आणि फोन नंबर झाका आणि उत्तराला निदान समजू नका.

हा सगळा हिशोब मी ताईला पाठवला. आता ती पेशंटला सांगते, “मशीनला शंका आलीये, आपण थुंकी तपासून खात्री करू. घाबरू नका, पण तपासणी टाळूही नका.”

माझ्या ‘नव्वद टक्के’पेक्षा हे उत्तर कितीतरी अचूक आहे.