धूळ खात पडलेले वैभव विकत घेताना

जुन्या सोसायटीच्या आवारात, वाड्याच्या पडवीत किंवा गावाकडच्या गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली झाकलेली मोटार हे दृश्य महाराष्ट्राला नवे नाही. चाकांतली हवा गेलेली, काचांवर धुळीचे थर आणि बॉनेटखाली उंदरांचा संसार. एके काळी अशी गाडी भंगारवाला किलोच्या भावाने उचलून नेत असे. आता मात्र तिच्या शोधात हौशी मंडळी गावोगाव फिरू लागली आहेत.

या ओढीमागे कारण आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून बाहेर पडलेली पद्मिनी मुंबईची टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून कायमची निवृत्त झाली. उत्तरपाडा येथील अॅम्बेसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याला तर १९९६ मध्येच टाळे लागले. नवी गाडी मिळणे नाही. उरल्या आहेत त्या पडून राहिलेल्याच. म्हणूनच त्यांपैकी वाचवण्याजोगी कोणती आणि केवळ पैसे गिळणारी कोणती, हे ओळखणे महत्त्वाचे ठरते.

शोध कुठे घ्यावा?

चांगली गाडी जाहिरातीत क्वचितच सापडते. ती सापडते ती ओळखीतून. जुने मेकॅनिक, डेंटिंग-पेंटिंगचे कारागीर, सोसायटीचे रखवालदार यांना कोणती गाडी किती वर्षे हललेली नाही याची नेमकी माहिती असते. मुंबईत कुर्ल्याचा आणि पुण्यात नाना पेठेचा सुट्या भागांचा बाजार ही केवळ खरेदीची नव्हे, तर बातम्यांचीही ठिकाणे आहेत. समुद्रकाठच्या गाडीपेक्षा देशावरच्या कोरड्या हवेतली गाडी केव्हाही उजवी. खाऱ्या, दमट हवेत पत्रा आतून सडतो आणि ते वरून दिसत नाही.

सरकारी लिलाव स्वस्त वाटतात; परंतु तेथील कित्येक वाहने केवळ भंगार म्हणून विकली जातात. अशा वाहनाची नोंदणी पुढे चालू राहत नाही. लिलावाच्या अटी वाचल्याशिवाय बोली लावणे म्हणजे लोखंड विकत घेणेच होय.

आधी कागद, मग गाडी

जाणकारांचा पहिला प्रश्न इंजिनाचा नसतो, नोंदणी पुस्तकाचा असतो. गंजलेला पत्रा बदलता येतो, हरवलेली मालकी परत मिळवणे कठीण. पुस्तकातील चासी व इंजिनाचा क्रमांक गाडीवरील ठशाशी अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे. ठसा घासलेला किंवा त्याभोवती वेल्डिंग केलेले दिसल्यास व्यवहार तिथेच सोडून द्यावा.

नेहमीच्या हस्तांतरणासाठी नमुना २९ व ३० लागतात. मूळ मालक हयात नसेल तर नमुना ३१ आणि सर्व वारसांची संमती लागते. आजोबांच्या गाडीचा सौदा एका नातवाशी पक्का होतो आणि सहा महिन्यांनी दुसरा नातू हरकत घेतो, असे प्रसंग टाळायचे तर वारसांच्या सह्या पैसे देण्यापूर्वीच घ्याव्यात. पूर्वी कर्ज काढून घेतलेल्या गाडीवर बँकेचा बोजा कागदोपत्री तसाच राहिलेला असतो, तोही आधी उतरवून घ्यावा. जुन्या तीन अक्षरी मालिकेतील पुष्कळ नोंदी संगणकावर आलेल्याच नाहीत. त्यामुळे मूळ नोंदवहीतली नोंद परिवहन कार्यालयात प्रत्यक्ष तपासून घेणे श्रेयस्कर.

खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे ती पाच-पाच वर्षांनी नूतनीकृत करावी लागते. मोटारीसाठी ६०० रुपये असलेले हे शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाले आणि वीस वर्षांहून जुन्या वाहनांसाठी २०२५ मध्ये ते आणखी वाढवण्यात आले. शिवाय पर्यावरण कर, थकीत कर आणि विलंबाचे शुल्क वेगळेच. हा सारा हिशेब गाडीच्या किमतीतच धरावा.

प्रत्येक जुनी गाडी 'विंटेज' नव्हे

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम लागू केले. त्यानुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली, खासगी वापराची आणि चासी, सांगाडा वा इंजिनात मोठा बदल न केलेली दुचाकी व चारचाकी विंटेज ठरते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे टिकते. पुनर्नोंदणीला ५,००० रुपये पडतात. आधीच नोंदलेल्या वाहनाला जुना क्रमांक कायम ठेवता येतो. नव्याने नोंद होणाऱ्यांना 'व्हीए' ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो.

मात्र या सवलतीला मर्यादा आहे. अशी गाडी प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, इंधन भरणे व दुरुस्ती एवढ्याच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. रोज कचेरीत जाण्यासाठी नव्हे. उलट १९८५ ची पद्मिनी कितीही देखणी असली तरी विंटेज नाही; तिला नेहमीच्या नूतनीकरणाचीच वाट धरावी लागते.

पत्रा हाच पाया

जीपला स्वतंत्र चासी असते. फियाट आणि अॅम्बेसेडरला नसते. त्यांचा पत्र्याचा सांगाडाच सारा भार पेलतो. म्हणून दाराखालची पट्टी, पायाखालची जमीन, चाकांच्या कमानी आणि सस्पेन्शन बसते त्या जागा गाडीखाली झोपून तपासाव्यात. खिशात लोहचुंबक असावे. जिथे ते चिकटत नाही, तिथे पत्रा नसून लांबी भरलेली आहे, असे खुशाल समजावे.

अनेक वर्षे बंद असलेले इंजिन जागेवरच बॅटरी जोडून फिरवण्याचा मोह आवरावा. गंजलेल्या रिंगा सिलिंडरला ओरखडे पाडतात. स्पार्क प्लग काढून आत थोडे तेल सोडावे, काही दिवस मुरू द्यावे आणि मग हाताने फिरवून पाहावे. टाकीतले जुने पेट्रोल चिकट होऊन कार्बोरेटर तुंबवते. ते काढून टाकावे. ब्रेकची रबरे, टायर आणि वायरिंग बदलावेच लागणार, असे गृहीत धरावे. आता मिळणाऱ्या वीस टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुनी रबरी नळी लवकर खराब होते, हेही ध्यानात ठेवावे.

इंजिनाचे भाग शोधले तर मिळतात. मिळत नाहीत ते मूळ दिवे, क्रोमच्या पट्ट्या, मीटर, दारांच्या मुठी. म्हणूनच रंग उडालेली पण सर्व वस्तू जागेवर असलेली गाडी ही नव्याने रंगवलेल्या, अर्धवट गाडीपेक्षा अधिक मोलाची. आणि दुसऱ्याने सुटी करून पोत्यात भरून ठेवलेली गाडी अनुभवी हातांसाठीच सोडावी.

खरेदीची किंमत हा या हौसेतला बहुधा लहान भाग असतो. डेंटिंग, रंग आणि सुट्या भागांचा खर्च सहज तिच्या पुढे जातो. कागद स्वच्छ, पत्रा शाबूत आणि गाडी पूर्ण, या तीन कसोट्यांना उतरेल तीच उचलावी. घाईने घेतलेली गाडी एका पडवीतून निघून दुसऱ्या पडवीत धूळ खात पडते. आणि ती आणखी दहा वर्षे तग धरीलच असे नाही.