दिवाणखान्यात फौजदार नको

व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीतील इंग्रजी खूनकथा म्हटली, की ऐसपैस ग्रामीण वाडा, चहाची चांदीची भांडी, ग्रंथागारात पडलेले प्रेत आणि पोटाची विवंचना नसलेल्या एखाद्या सुसंस्कृत गृहस्थाने केवळ हौसेखातर चालविलेला तपास, हा थाट वाचकाच्या इतका अंगवळणी पडला आहे, की ज्या लंडनात १८४२ पासून पोलिसांची स्वतंत्र गुप्तशाखा होती तेथे कथाकारांना या हौशी हेराची गरज का भासली, हे सहसा कोणी विचारीत नाही. माझ्या समजुतीने त्याचे मूळ प्रतिष्ठेच्या भयात आहे.

१८६० च्या २९ जूनच्या रात्री विल्टशरमधील रोड हिल हाउस येथून केंट कुटुंबातील चार वर्षांचेही न झालेले मूल बिछान्यातून नाहीसे झाले आणि दुसऱ्या दिवशी आवारातील शौचकूपात त्याचे प्रेत सापडले. स्थानिक पोलिसांची मती कुंठित झाल्यावर स्कॉटलंड यार्डातून जोनाथन विचर हा नामांकित अंमलदार आला. धुण्याच्या यादीत नोंद असूनही कोठेच न सापडणारा निजण्याचा एक झगा हा त्याचा मुख्य धागा होता, आणि त्यावरून त्याने मुलाच्या सोळा वर्षांच्या सावत्र बहिणीला, कॉन्स्टन्सला, अटक केली. पुरावा अपुरा ठरवून न्यायाधीशांनी तिला सोडले. परंतु माळ्याच्या पोटी जन्मलेल्या शिपायाने कुलीन घरात शिरून मुलींची अंतर्वस्त्रे मोजावीत, या कल्पनेनेच वृत्तपत्रे विचरवर तुटून पडली. (त्याच काळात आपापले तर्क पत्रांनी कळविण्याची हौस मात्र सभ्य स्त्रीपुरुषांना अनावर झाली होती!) १८६४ साली तो निवृत्त झाला, आणि पुढच्याच वर्षी कॉन्स्टन्सने कबुलीजबाब दिला. तिची फाशी रद्द होऊन तिला जन्मठेप झाली व १८८५ मध्ये ती सुटली.

विल्की कॉलिन्सने १८६८ साली ‘द मूनस्टोन’ या कादंबरीत हा झगा उचलला, मात्र रक्ताच्या जागी रंगाचा डाग ठेवला. श्रीरंगपट्टणच्या १७९९ च्या लुटीतला, मूळचा सोमनाथच्या चंद्रदेवतेचा हिरा यॉर्कशरमधील घरातून नाहीसा होतो; गुलाबांचा शौकीन सार्जंट कफ घरच्या कन्येवर संशय घेतो, तेव्हा घरमालकीण त्याची बिदागी चुकती करून त्याला वाटेला लावते; आणि मग तपास फ्रँकलिन ब्लेक या कुलीन तरुणाकडे येतो. येथे कॉलिन्सने जे धाडस केले त्याला माझ्या मते तोड नाही. डाग पडलेला झगा अखेर ब्लेकच्या हाती लागतो, तेव्हा त्यावर नाव असते ते ब्लेकचेच. नकळत पोटात गेलेल्या अफूच्या अमलाखाली हिरा त्यानेच उचललेला असतो. पुढे तो हिरा लाटणाऱ्या, सराईत दानशूर म्हणून मिरविणाऱ्या गॉडफ्रे एबलव्हाइटचा खून होतो, आणि त्या प्रेताच्या वेषांतराआडचा चेहरा ओळखण्याचा मान कॉलिन्सने निवृत्त कफलाच दिला आहे.

१८८७ मध्ये अवतरलेल्या शेरलॉक होम्सला विचर आणि कफ यांच्यासारख्या विटंबनेला तोंड द्यावे लागले नाही. तो पेशाने सल्लागार हेर असला, तरी जमीनदार घराण्यातला. कधी दक्षिणा घेतो, कधी नाकारतो, आणि स्कॉटलंड यार्डाच्या लेस्ट्रेडला हवे तेवढे श्रेय खुशाल घेऊ देतो. घरमालकांना आपले गुपित त्याच्यापाशी सुरक्षित वाटते, कारण पटल्यास अपराध्याला सोडून देण्याचा जो अधिकार कोणत्याही फौजदाराला नाही, तो हा गृहस्थ स्वतःकडे बिनदिक्कत घेतो.