लक्ष्मीपूजनाच्या तबकातील राणी छाप रुपया

आश्विन वद्य अमावास्येस प्रदोषकाळी घरोघर लक्ष्मीपूजनाचा चौरंग मांडला जातो. कलश, नवी चोपडी, लाह्या-बत्तासे, झेंडूची फुले, आणि शेजारच्या तबकात वर्षभर कडीकुलपात जपलेले चांदीचे चार जुने रुपये! आजेसासूबाईंनी सुनेच्या ओटीत घातलेले, कुणा पूर्वजाच्या पहिल्या कमाईतले. त्यांवर मुद्रा मात्र कोणाची? मुकुट घातलेल्या व्हिक्टोरिया राणीची, नाही तर पंचम जॉर्ज बादशहाची.

पनवेल येथे आमचे कीर्तन होते. पूर्वरंग आटोपून आम्ही क्षणभर थांबलो असता एका वृद्ध श्रोत्याने विचारले, “बुवा, ज्यांनी आपल्यावर राज्य केले त्यांच्या तोंडवळ्याला आपण हळदकुंकू वाहावे काय?”

प्रश्न मार्मिक होता, आणि पनवेलीस तो शोभणाराही. आगगाडी होण्यापूर्वी मुंबईहून पुण्यास जाणारा प्रवासी पडावाने पनवेल बंदरी उतरे आणि पुढे घाटाची वाट धरी. त्यामुळे कंपनीचा रुपया या पेठेत खेळला. याच गावानजीकच्या शिरढोणला १८४५ मध्ये आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके जन्मले. १८७९ च्या मे महिन्यात त्यांचे सहकारी दौलतराव नाईक यांनी पळस्पे व चिखली येथे छापे घातले; सुमारे दीड लाखाचा ऐवज त्यांच्या हाती लागला, आणि परतताना गोऱ्या फौजेशी झालेल्या चकमकीत दौलतराव पडले. पुढे वासुदेव बळवंतही पकडले गेले व १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या बंदिवासात त्यांनी देह ठेवला. त्या छाप्यांच्या दोनच वर्षे आधी, १८७७ पासून, रुपयावर ‘महाराणी’ जाऊन ‘सम्राज्ञी’ अशी पदवी कोरली जाऊ लागली होती. त्या मुद्रेचा रुपया सारा म्हणून सरकारजमा होत होता, आणि बंडाच्या खर्चासाठी हवा होता तोही तोच.

आम्ही उत्तर दिले ते असे. पाणिनींनी ‘रूप्य’ शब्द ‘रूप’ शब्दापासून साधला आहे आणि तेथे अर्थ दिला आहे ठोकून उमटविलेल्या रूपाचा. ते रूप बदलत राहते. खाली धातू राहतो आणि त्या धातूत साठलेले कष्ट राहतात. गृहस्थ पूजतो ते त्या कष्टांचे द्रव्य आणि द्रव्याची अधिष्ठात्री देवता. राणीच्या मुद्रेस त्यात काही मान नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात टांकसाळीवरील अधिकाऱ्यास ‘लक्षणाध्यक्ष’ व नाणी पारखणाऱ्यास ‘रूपदर्शक’ म्हटले आहे. द्रव्याची पूजा करणाऱ्या या देशात द्रव्याची पारखही तितकीच जुनी आहे.

येथवर सारे ठीक होते. पण उत्तररंगात आमच्या हातून प्रमाद घडला, तो वाचकांपुढे मांडणे आम्ही कर्तव्य समजतो. आमच्या देव्हाऱ्यात कित्येक वर्षे एक तांब्याचे नाणे होते. एका बाजूस प्रभू रामचंद्रांचा दरबार, दुसऱ्या बाजूस ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, ‘अर्धा आणा’ आणि १८१८ हा सन. कोणा यजमानाने ते मोठ्या भक्तीने दिले होते. ते उंचावून दाखवीत आम्ही म्हणालो, “पाहा, पेशवाई बुडविणाऱ्या कंपनीलाही रामरायापुढे मस्तक नमवावे लागले!” सभामंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला.

आरती झाल्यावर एक तरुण जवळ आला. पनवेलीत जुन्या नाण्यांचा छंद असलेली काही मंडळी सवडीने एकत्र बसतात, त्यांपैकी तो एक. नमस्कार करून तो हळूच म्हणाला, “बुवा, राग मानू नका. कंपनीने असे नाणे कधीच पाडले नाही.”

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या मंडळींत जाऊन बसलो. कोणी निवृत्त मास्तर, कोणी सराफकट्ट्यावरचा, कोणी नुकता नोकरीस लागलेला. त्यांनी आमच्यापुढे कंपनीची खरी नाणी ठेवली. १८०४ चा मुंबई इलाख्याचा तांब्याचा पैसा विलायतेत पाडलेला. त्यावर तराजू व खाली फारसीत ‘अदल’, म्हणजे न्याय. १८३५ साली साऱ्या मुलुखास एकच चलन झाले. तेव्हाच्या अर्ध्या आण्यावर कंपनीचे राजचिन्ह आहे, देवदेवता नाहीत. रामदरबाराचे ‘१८१८ चे नाणे’ हे अलीकडे पाडून विकलेले बनावट बिल्ले होत. रामसीतेची मुद्रा असलेले खरे नाणे हवे तर ते अकबराने १६०४-०५ च्या सुमारास पाडलेले आहे, आणि पूजेसाठी म्हणून घडविलेल्या रामटंकांची परंपराही वेगळी आहे. त्यांनी कंपनीचे नाव कधी सांगितले नाही.

मग त्या मंडळींनी खऱ्या रुपयाची ओळख करून दिली. रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे, १९२ पया हा हिशेब १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धती येईपर्यंत चालला. जुना रुपया वजनाने एक तोळा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम, आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. दुसऱ्या महायुद्धात, १९४० पासून, चांदी निम्म्यावर आली. १९४३ मध्ये धातू वाचविण्यासाठी पैशाला मध्ये भोक पडले. १९४७ चा वाघाचा रुपया तर निव्वळ निकेलचा. पंचम जॉर्जच्या रुपयावर खाली कमळकळीत बारीक टिंब असेल तर तो मुंबईच्या टांकसाळीचा. याच बादशहाच्या १९११ च्या रुपयावर गळ्यातील साखळीवरचा हत्ती लोकांस डुकरासारखा दिसला. धर्मभावना दुखावल्याची ओरड झाली आणि पुढच्या वर्षी ते चित्र सुधारावे लागले. टिंबाएवढ्या खुणेत इतका इतिहास दडलेला असतो, हे आम्ही त्या सकाळी शिकलो.

तेथेच एका गृहस्थाची हकीकत कानी आली. ‘तांदूळ ओढून घेणारे कंपनीचे नाणे’ घेतले की घरी लक्ष्मी स्थिर होते, असे सांगून त्याच्याकडून मोठी रक्कम मागण्यात आली होती, आणि पत्नीचे दागिने गहाण टाकण्याची त्याची तयारी झाली होती. या मंडळींनी त्याच्यापुढे लोहचुंबक ठेवला. चुंबक तांब्याला ओढत नाही, चांदीलाही नाही. मग नाण्याने तांदूळ कसा ओढावा? तो गृहस्थ दागिन्यांसह घरी परतला. आमच्या मनात मात्र एकच विचार घोळत राहिला: आदल्या रात्री आम्ही व्यासपीठावरून उंचावलेला बिल्ला पाहून आणखी किती जण असाच बिल्ला विकत घेण्यास निघाले असतील?

त्याच सायंकाळी दुसरे कीर्तन होते. आम्ही आरंभीच सांगितले, “काल दाखविलेले नाणे खोटे. आम्ही न पारखता बोललो. श्रोत्यांनी क्षमा करावी.” मंडप क्षणभर स्तब्ध झाला. मग मागील रांगेतून एक आजीबाई म्हणाल्या, “बुवा, राम तर खरा ना?” आम्ही म्हणालो, “राम खरा, म्हणूनच त्याच्या नावावर खोटे खपवू नये.”

सत्यनारायणाच्या कथेत साधुवाण्याला खोटे बोलणे किती महाग पडले, हे आपण ऐकतच आलो आहोत. तेव्हा यंदाच्या लक्ष्मीपूजनास चार गोष्टी ध्यानी धराव्यात. वडिलोपार्जित रुपये चिंच-राखेने घासून लखलखीत करू नयेत. त्याने मुद्रा झिजते आणि छंदिकाच्या दृष्टीने मोलही उतरते. कोमट पाण्यातून काढून मऊ फडक्याने टिपावेत. मोडीत घालण्यापूर्वी जाणत्यास दाखवावेत. जमिनीत पुरलेला ठेवा सापडल्यास १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांस कळवावे; आणि शंभर वर्षांहून जुनी नाणी परदेशी धाडण्यास १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने बंदी आहे, हेही परदेशस्थ लेकरांना सांगावे. नाशिकजवळ अंजनेरीस नाणकशास्त्राची संशोधनसंस्था आहे. मारुतिरायाच्या जन्मस्थानी जाणाऱ्या भाविकाने तेथेही डोकवावे.

आमच्या देव्हाऱ्यातील तो बिल्ला आम्ही फेकला नाही. पोथीच्या पेटीत, पोथीच्या वर ठेवला आहे. पोथी काढताना आधी तो हाती येतो. यंदा तबकात आमच्या मातुःश्रींचा १९१२ चा एकच रुपया असेल. त्यावर मुद्रा बादशहाची असली, तरी त्यात कष्ट आमच्या आईचे आहेत, आणि हळदकुंकू त्यांनाच आहे.

शुभं भवतु.